मिस्त्रिणीची गाडी उभी होती तिथे

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे डागमावशी म्हणायचे. नाव चेष्टेत पडलं होतं, पण पुढे पुढे मोठे डॉक्टरही आपला शर्ट घेऊन तळघरात उतरायचे, "मावशी, हे बघता का जरा?" मावशी डाग बोटानं चोळायची, नाकाशी न्यायची आणि सांगून टाकायची, हे आयोडीन, हा गंज, हा चहा आणि तोही गोड. डागाशी दमानं घ्यायचं, घाई केली की तो हट्टाला पेटतो, असं ती कामावर नव्यानं आलेल्या बायकांना शिकवायची.

त्यामुळे मंगळवारी सकाळी चहा पिता पिता मुलगा म्हणाला, "आई, दारातले ते ऑइलचे डाग तेवढे घालव ना, रविवारी ती माणसं येणार आहेत," तेव्हा तिला काम अवघड वाटलं नाही. कप मात्र तिनं अर्धाच खाली ठेवला. ती म्हणाली, "घालवते."

ती माणसं म्हणजे मुलगा आता जिच्याशी लग्न करणार होता त्या शिक्षिकेचे आईवडील. शिक्षिका स्वतः दोनदा येऊन गेली होती. बोलायला गोड, वागायला साधी. तिच्यात खोट काढायची म्हटलं तरी सापडत नव्हती, आणि मावशीची अडचण तीच होती.

गेटपासून घराच्या पायरीपर्यंत सिमेंटची वाट होती, दीड गाडी मावेल एवढी. तिच्यावर तीन डाग होते. मोठा परातीएवढा, मधला बशीएवढा, आणि तिसरा भिंतीच्या कडेला, थेंबाथेंबांचा. चौदा महिन्यांची धूळ बसून तिन्ही काळे ठिक्कर पडले होते. मावशी रोज येताजाता त्यांना वळसा घालून जायची. चप्पल खराब होईल म्हणून नव्हे. का, ते तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

ते डाग पहिल्या सुनेचे होते. सून गाड्या दुरुस्त करायची. तिच्या वडिलांचं गॅरेज होतं, त्यातच ती वाढलेली, आणि लग्नाच्या वेळी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये कामाला होती. मावशी तिला पहिल्या महिन्यापासून मिस्त्रीणबाई म्हणायला लागली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मिस्त्रिणीनं एक बंद पडलेली जीप दोरी लावून घरी ओढत आणली.

"हे काय आणलंस?" मावशीनं विचारलं होतं.

"गाडी."

"गाडी? मला तर नुसती हाडं दिसतायत."

"भरेल हो अंग हळूहळू."

अंग भरायचं काम तीन वर्षं चाललं. वर्कशॉपमधून आली की मिस्त्रीण कपडे बदलायची आणि जीपखाली सरकायची. बाहेर फक्त दोन पाय दिसायचे. मावशी आधी दारातून बघायची, मग पायरीवर बसून, मग चक्क स्टूल घेऊन शेजारी. एका हातात बॅटरी आणि पायाशी पान्यांचा डबा. सुरुवातीला बाराचा पाना मागितला की ती चौदाचा द्यायची. नंतर नंतर तिला आवाजावरूनच कळायला लागलं, नट फिरतोय की अडलाय, आता कुठला पाना लागणार. खालून हात बाहेर यायच्या आत तिचा पाना तयार असायचा.

आणि बोलणं चालायचं. एकमेकींची तोंडं दिसत नसली की माणसं बरंच काही बोलून जातात. नवरा गेला त्या वर्षी आपण चार महिने त्याचे कपडे धुतले नव्हते, तसेच ठेवले होते, हे मावशीनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नव्हतं. ते तिनं जीपखालच्या दोन पायांना सांगितलं. पाय थोडा वेळ हलले नाहीत. मग खालून आवाज आला, "आणि नंतर?"

"नंतर धुतले. काय करणार?"

"गाडी झाली ना, की पहिली चक्कर तुमची. पुढच्या सीटवर."

मुलगा विमा कंपनीत होता. तो वाईट नव्हता. त्याला संध्याकाळी घर शांत लागायचं, दार उघडं ठेवलेलं आवडायचं नाही, आणि बायकोच्या नखांतला काळा रंग त्याला आधी गमतीचा वाटायचा, मग वाटेनासा झाला. दोघं आधी भांडायची. मग भांडायचीही थांबली. मावशीला सगळं दिसत होतं. पण नवराबायकोच्या मधे आपण कशाला, असं म्हणत ती मूग गिळून बसली. एकदा जेवताना मुलगा म्हणाला, "या घरात बायको कमी आणि मेकॅनिक जास्त आहे." मिस्त्रिणीनं मावशीकडे पाहिलं. मावशीनं पाण्याचा तांब्या उचलला आणि सगळ्यांच्या भांड्यांत पाणी वाढलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मावशी आठ दिवस धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. परत आली तर जीप नव्हती. अर्धं कपाट रिकामं होतं. मुलगा म्हणाला, "आम्ही ठरवून केलंय, आई. तू त्रास करून घेऊ नकोस." घटस्फोटाची कागदपत्रंही पुढे यथावकाश झाली. मावशीनं त्रास करून घेतला नाही, म्हणजे कुणाला दिसेल असा करून घेतला नाही.

मंगळवारी तिनं धुण्याची पावडर आणि कढत पाणी घेतलं. गुडघ्याखाली पोतं घालून तासभर घासलं. काळा फेस आला, वाहून गेला, सिमेंट वाळलं, आणि डाग होते तिथेच हसत बसलेले. बुधवारी तिनं रॉकेल ओतलं. परातीएवढा डाग घमेल्याएवढा झाला.

"मेल्या," मावशी त्याला म्हणाली. कापड असतं तर पिळून काढलं असतं. सिमेंट पिळायचं कसं?

मग हात धुऊन, पुसून ती आत गेली आणि तिनं मिस्त्रिणीला फोन लावला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. नंबर होताच. बोट ठेवायला मात्र तिला बराच वेळ लागला.

"हॅलो."

"मी बोलतेय."

पलीकडे कुठेतरी हातोडा चालू होता. तो थांबला. "बोला," मिस्त्रीण म्हणाली. पूर्वी तिचं "हां आई" असायचं. ते "आई" आता निघालं होतं आणि तिथे दुसरं काही आलेलं नव्हतं. "सगळं ठीक आहे ना? काही झालंय का?"

"काही नाही झालं. मी म्हटलं, सिमेंटवरचं ऑइल कशानं जातं, तुला माहीत असेल."



"रॉकेल नाही ना घातलंत?"

"घातलं."

"पसरलं असेल."

"पसरलं."

मिस्त्रीण हसली. हसू आवरायचा प्रयत्न तिनं केला असावा, पण ते नाकातून निसटलं. मावशी फोन कानाला घट्ट दाबून उभी राहिली.

"ऐका आता," मिस्त्रीण म्हणाली. "ताजं असतं तर लाकडाच्या भुश्यानं टिपून घेतलं असतं. हे जुनं आहे, आत मुरलंय. वरून कितीही घासा, तुमचे हात जातील, डाग नाही जायचा. त्याला खालून वर ओढायला लागतं. खडूची पावडर घ्या, थिनरमध्ये कालवा, मलमासारखं घट्ट करा. डागावर बोटभर जाड थापा. वर प्लास्टिक, कडेनं विटा. एक दिवस अजिबात हात लावायचा नाही. मग प्लास्टिक काढा, वाळू द्या. वाळताना ती पावडर ऑइल शोषून घेते. मग खरवडायचं आणि सोड्याच्या गरम पाण्यानं घासायचं. तारेचा ब्रश नको. ॲसिड तर मुळीच नको, सिमेंट खाऊन टाकेल."

"बरं."

"हातमोजे घाला. आणि थिनरच्या जवळपास काडी ओढू नका."

"मी कुठे विड्या ओढते?"

"तुमचा काही नेम नाही," मिस्त्रीण म्हणाली, आणि फोन ठेवला.

मावशीनं त्याच दुपारी सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. गुरुवारी संध्याकाळी लेप खरवडला तर तो खालून तांबूस काळा झाला होता, आणि खालचं सिमेंट! थेंबांचा डाग गेला होता. मोठा अर्ध्याहून फिका पडला होता. एकतीस वर्षांची सवय, मावशी खुशीत येऊन स्वतःशीच "वा" म्हणाली. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं की हे उद्यापर्यंत पुरं होणार. मग फोन करायला कारण काय राहणार?

तिनं फोन लावला. "काही फरक नाही गं."

"काहीच नाही?"

"अं… नाही म्हटलं तरी चालेल."

"असं होत नाही खरं तर. दुसरा थर द्या."

"देते. तू चहाच्या सुट्टीत आहेस का?"

होती. मग मावशीला कळलं की मिस्त्रिणीनं ते मोठं वर्कशॉप सोडलं होतं आणि आणखी एका बाईबरोबर छोटं गॅरेज काढलं होतं. राहायची जागा एका दातांच्या डॉक्टरच्या वर होती. "दिवसभर खालून मशीनचा आवाज येतो, आणि अधूनमधून माणसांचा," मिस्त्रीण म्हणाली. जीप तयार झाली होती. हे तिनं शेवटी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिला काम आठवलं.

शुक्रवारी तिन्ही डाग गेले. नीट वाकून, उन्हाच्या तिरिपीत बघितलं तर मोठ्याची एक पुसट सावली दिसायची, तीही माहीत असलेल्या माणसालाच. मावशीनं फोन लावला आणि म्हणाली, "जातच नाहीये बाई. मी हात टेकले."

मिस्त्रिणीनं पलीकडे कुणाला तरी काहीतरी विचारलं. मग म्हणाली, "उद्या मला अर्धी सुट्टी आहे. मी येऊन बघते. पण… घरी कोण असेल?"

"मी एकटी. तो दुपारी पडदे आणायला जाणार आहे."

"ठीक आहे."

शनिवारी मुलगा बाहेर पडला तशी मावशी दारात येऊन उभी राहिली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. सिमेंट लख्ख होतं. दाखवायला डागच नव्हता. ती लगबगीनं आत गेली, शिलाई मशीनच्या खणातली तेलाची कुपी घेऊन आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि जन्मभर डाग काढलेल्या त्या बाईनं वाकून, मोठ्या डागाच्या जागी, मोजून सात-आठ थेंब पाडले. मग ते चपलेनं चोळले. वर थोडी माती टाकली. मग कुपी पदराआड लपवून आत पळाली.

जीप रस्त्यावरच थांबली. गर्द हिरवी, काचा स्वच्छ. मिस्त्रीण उतरली. केस अगदी बारीक कापलेले, गालफडं बसलेली, पायात तेच जाड बूट. गेटशी येऊन ती घुटमळली. या गेटची आतली कडी बाहेरून कशी सोडवायची हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी मावशीनं येऊन ती उघडेपर्यंत ती बाहेरच उभी राहिली.

"गाडी आत घे की."

"नको. बाहेर बरी आहे. कुठे आहे डाग?"

मावशीनं बोट दाखवलं. मिस्त्रीण उकिडवी बसली. तिनं बोटानं चोळलं, बोट नाकाशी नेलं, अंगठ्यानं पुन्हा चोळलं. मग मान वर न करता म्हणाली, "हे इंजिन ऑइल नाहीये."

मावशी गेटकडे बघायला लागली.

"हे शिलाई मशीनचं तेल आहे. आणि आजचं आहे."

"असेल."

"जुना डाग कधी गेला?"

"काल संध्याकाळी."

"मग हे कशाला?"

"तू आली नसतीस," मावशी म्हणाली.

मिस्त्रीण तशीच बसून राहिली. तिचे खांदे हलले. ती हसतेय असं मावशीला आधी वाटलं. नंतर तिनं बाहीनं डोळे पुसले तेव्हा बोटाचं तेल गालाला लागलं. "भांडी घासायचा साबण आणा," ती म्हणाली. "आणि भुसा असेल तर भुसा. ताजं आहे, निघेल लगेच."

दोघी गुडघ्यावर बसल्या. भुसा टाकून मिस्त्रिणीनं तेल टिपलं, मावशीनं साबण घातला, दोघींनी मिळून घासलं. पाच मिनिटांचं काम. ते संपलं तरी कुणी उठलं नाही.

"मी बहिणीकडे गेले होते तेव्हाच का गेलीस?" मावशीनं विचारलं. हे वाक्य तिनं चौदा महिन्यांत इतक्यांदा मनात म्हटलं होतं की बाहेर पडताना ते अगदी साधं, भाजी काय आणू असं विचारल्यासारखं पडलं.

"तुम्ही असतात तर माझा पाय निघाला नसता."

"मग बरंच झालं असतं."

"नसतं झालं." मिस्त्रिणीनं ब्रश बादलीत टाकला. "चला."

"कुठे?"

"चक्कर मारायची राहिली होती."

"अशीच? या अवतारात?"

"गाडीची सीटही अजून फाटकीच आहे. शोभाल तुम्ही."

पुढच्या सीटवर चढायला मावशीला तिचा हात धरावा लागला. जीप खडखडत निघाली. बाजार, हॉस्पिटलची मागची भिंत, तळघराची ती जाळीची खिडकी, मग चढ आणि पाण्याची टाकी. टाकीपाशी मिस्त्रिणीनं गाडी थांबवली, पण इंजिन चालू ठेवलं. मावशी काचेतून समोर बघत होती. बोलायचं तर असंच, तोंडाकडे न बघता बोलावं, हे दोघींना सवयीचं होतं.

"त्या दिवशी जेवताना," मावशी म्हणाली, "मी गप्प बसले."

"हो."

"मी काहीतरी बोलायला हवं होतं."

मिस्त्रीण "असू द्या" म्हणेल असं मावशीला वाटलं होतं. ती तसं म्हणाली नाही. "मला त्याचा इतका राग नव्हता आला," ती म्हणाली. "तो तसाच आहे, आणि मी अशी आहे. राग तुमचा आला होता. तीन वर्षं मी मागायच्या आधी तुम्ही पाना हातात दिलात. आणि त्या दिवशी मी बघत राहिले, तर पाणी वाढलंत."

मावशीनं मान हलवली. तिला रडू येत नव्हतं. छातीत काहीतरी घट्ट बसलेलं होतं ते फक्त थोडं सैल झालं, आणि सैल होताना दुखलं. "माझं चुकलं," ती म्हणाली. जन्मात तिनं हे शब्द फार कमी वेळा उच्चारले होते.

"चुकलं," मिस्त्रीण म्हणाली, आणि गियर टाकला.

घराशी आल्यावर मावशी उतरली, पण दार धरून उभी राहिली. "येशील ना परत? मी फोन करत जाईन."

"इथे नाही येणार," मिस्त्रीण म्हणाली. "नवी मुलगी येतेय. तिला हे घर कोरं मिळू दे. आणि डागाचे फोन नकोत. तुम्हीच या गॅरेजवर. बुधवारी माझी जोडीदारीण सामान आणायला जाते, दुपारी मी एकटीच असते."

"बुधवारी."

"आणि मी आता आई नाही म्हणणार हं. जमत नाही. सगळे म्हणतात तसं मावशीच म्हणते. चालेल?"

मावशीला ते लागलं. आणि लागलं तरी ते घ्यायचंच होतं. ती म्हणाली, "चालेल."

जीप वळणापर्यंत दिसली. वळणानंतर आवाज ऐकू येत होता. तोही गेल्यावर मावशीनं बादली उचलली.

रविवारी शिक्षिका आणि तिचे आईवडील आले. वडिलांनी बागेतली रोपं निरखून पाहिली, आईनं नवे पडदे वाखाणले. शिक्षिका चहाचे कप स्वतः आत घेऊन आली आणि मावशीच्या शेजारी उभी राहून विसळायला लागली. "तुम्ही म्हणे कुठलाही डाग ओळखता," ती म्हणाली. "माझ्या शाळेच्या एका ओढणीवर शाई आहे, दाखवू का कधी?" मावशीनं तिच्याकडे पाहिलं. चेहरा मोकळा होता, त्यात लाडीगोडी नव्हती. "घेऊन ये," मावशी म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. ही आवडणार आपल्याला, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी टाकीपाशी घुरघुरत उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसावंसं वाटलं.

पाहुणे गेले. मुलगा बाहेर काढलेल्या खुर्च्या आत नेत होता. मावशी पायरीवर उभी होती. गप्प बसायचं नाही, एवढं तिनं कालच ठरवलं होतं.

"काल ती आली होती," ती म्हणाली. "मीच बोलावलं होतं. आणि आता दर बुधवारी मी तिच्या गॅरेजवर जाणार आहे. तुझ्या होणाऱ्या बायकोलाही मीच सांगेन, लपूनछपून काही नाही. तुला राग यायचा तर येऊ दे."

मुलाच्या हातात खुर्ची होती. ती त्यानं खाली ठेवली. मावशी रागाची वाट बघत होती. तो गेटकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "कशी आहे?"

"वाळलीय. केस कापलेत."

"वेळेवर जेवते का? तिला कामात भान राहायचं नाही."

मावशी आठवायला लागली. सोडा, थिनर, गॅरेज, दातांचा डॉक्टर, चार दिवसांत इतकं बोलणं झालं, आणि हे तिनं विचारलंच नव्हतं.

"विचारते बुधवारी," ती म्हणाली.

मुलानं मान डोलावली आणि खुर्ची उचलली. ती आत नेऊन ठेवायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. मावशीनं त्याला हाक मारली नाही. आज रविवार होता, मग सोमवार, मग मंगळवार. ती पायरीवर बसली.